दगडावर उमटलेली आई
प्रतिनिधी, धाराशिव

चित्रात एक वाकलेली वृद्धा आहे. चेहरा उजवीकडे वळलेला, म्हणून एकाच बाजूने दिसतो. केस मागे ओढून बांधलेले, खांदे झुकलेले आणि मान किंचित पुढे आलेली. पार्श्वभूमी कोरी आहे. कपड्याच्या घड्या चारदोन जाड फटकाऱ्यांत आटोपलेल्या आहेत. चित्रकर्तीने आपले सारे बळ चेहऱ्यावर खर्च केले आहे. तेही तो सुंदर दिसावा म्हणून नव्हे, तर थकलेला चेहरा थकलेलाच दिसावा म्हणून. जर्मन चित्रकर्ती केथे कोलविट्झ यांनी १९३८ च्या सुमारास शिळाछाप पद्धतीने काढलेले हे स्वतःचेच चित्र आहे. त्या वेळी त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्यांची चित्रे जर्मनीतील संग्रहालयांतून उतरविण्यात आली होती, शिकविण्याचे काम सुटले होते आणि दुसरे महायुद्ध दाराशी येऊन ठेपले होते.

शिळाछाप हा शब्द आज मागे पडला असला, तरी महाराष्ट्राला तो नवा नाही. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले, तेव्हा आपल्याकडे छपाईचे पर्व नुकतेच सुरू होत होते. पुण्यातील चित्रशाळा छापखाना आणि राजा रविवर्मा यांचा आधी मुंबईत व नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीत चाललेला छापखाना यांनी याच तंत्राने देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचविली. आजोबांच्या देवघरात लक्ष्मी-सरस्वतीची जुनी तसबीर पाहिलेल्यांनी या दगडी छपाईचे फळ नकळत पाहिलेले आहे.

बव्हेरियातील आलोइस सेनेफेल्डर या नाटककाराने आपली नाटके स्वस्तात छापता यावीत म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती शोधली. तिचा आधार साधा आहे : तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. घासून गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे. डिंक आणि सौम्य आम्लाचे पाणी देऊन ते पक्के करायचे. मग दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या भागावर शाई बसत नाही, खडूच्या रेघांवर तेवढी बसते. वर कागद ठेवून दाब दिला, की चित्र कागदावर उतरते. या दैनिकाचा छापील अंक ज्या ऑफसेट यंत्रावर निघतो, तेही मुळात याच तत्त्वावर चालते. दगडाची जागा धातूच्या पातळ पत्र्याने घेतली, इतकाच फरक.

दगडावर थेट काढलेले चित्र कागदावर उलटे येते, डावे उजवीकडे जाते. कोलविट्झ यांनी अनेकदा यातून वेगळी वाट काढली. त्या आधी खास कागदावर खडूने चित्र काढीत आणि मग ते दगडावर उतरवून घेत. त्यामुळे हाताची रेघ होती तशीच छापात येई. खडू कुठे दाबला, कुठे हलकाच फिरविला, कुठे आडवा घासला, हे सारे आजही त्या छापांत वाचता येते. जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरण्यात त्यांचे उमेदीचे दिवस गेले होते आणि त्या कलेत त्या निष्णात होत्या. तरीही पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी ती जवळपास सोडली आणि खडू व लाकूड हाती घेतले. बारकाव्यांचा मोह टाळून मोजक्या रेषांत मोठा आशय सांगण्याची ओढ हे त्याचे एक कारण. दुसरे अधिक व्यवहारी होते. शिळाछापाच्या हजारो प्रती निघू शकत, त्या भिंतीवर चिकटवता येत आणि गरिबाच्याही हाती पडत.

केथे श्मिट यांचा जन्म ८ जुलै १८६७ रोजी पूर्व प्रशियातील क्योनिग्जबर्ग येथे झाला. हे शहर आज रशियात असून कालिनिनग्राड या नावाने ओळखले जाते. वडील कार्ल श्मिट कायदा शिकलेले. पण त्यांची राजकीय मते सरकारला मानवणारी नव्हती, त्यामुळे त्यांनी सरकारी नोकरीचा नाद सोडून गवंडीकाम पत्करले आणि पुढे घरे बांधण्याचा व्यवसाय केला. आईचे वडील ज्युलियस रुप यांनी अधिकृत चर्चशी फारकत घेऊन स्वतंत्र धर्मसमाज स्थापन केला होता. आजोबांकडून नीतीचा कठोर आग्रह आणि वडिलांकडून समाजवादी विचार असा दुहेरी वारसा या मुलीला मिळाला. त्या काळात मुलींना कला अकादमीची दारे बंद होती. तरीही वडिलांनी मुलीतली चुणूक ओळखली, चौदाव्या वर्षाच्या सुमारास तिला एका ताम्रपट कोरणाऱ्याकडे शिकायला घातले आणि पुढे बर्लिन व म्युनिकच्या महिला कलाशाळांत पाठविले.

याच शिकण्याच्या वर्षांतले त्यांचे शाईने काढलेले एक आत्मचित्र उपलब्ध आहे. त्यात वीस-एकवीस वर्षांची तरुणी चक्क हसते आहे. पुढच्या अर्धशतकात त्यांनी शंभराच्या आसपास आत्मचित्रे काढली. त्यांत असे हसू शोधूनच काढावे लागते.

१८९१ मध्ये त्यांचा विवाह डॉ. कार्ल कोलविट्झ यांच्याशी झाला. कामगारांच्या आजार विमा निधीचे डॉक्टर म्हणून कार्ल यांनी उत्तर बर्लिनमधील कष्टकरी वस्तीत दवाखाना थाटला आणि हे दांपत्य तिथेच राहू लागले. केथे यांनी त्या घरात पन्नासहून अधिक वर्षे काढली. दवाखान्यात येणाऱ्या बायका उपचार झाल्यावर डॉक्टरांच्या पत्नीपाशी बसत. नवऱ्याचे दारूचे व्यसन, गेलेले काम, पुन्हा राहिलेले दिवस, मेलेले मूल हे सारे केथे ऐकत आणि कागदावर उतरवीत. सुरुवातीला आपण या माणसांकडे दयेपोटी वळलो नाही, त्यांच्या हालचालीत आपल्याला सौंदर्य दिसले म्हणून वळलो, हे त्यांनी पुढे प्रामाणिकपणे लिहून ठेवले. ही कबुली महत्त्वाची वाटते. गरिबीची चित्रे काढणारे अनेक जण आपल्या कळवळ्याचे प्रदर्शन आधी मांडतात. कोलविट्झ यांच्याकडे आधी नजर होती, कळवळा मागून आला आणि कायमचा राहिला.

१८९३ च्या फेब्रुवारीत त्यांनी बर्लिनमध्ये गेरहार्ट हाउप्टमान यांच्या विणकरांवरील नाटकाचा प्रयोग पाहिला. सायलेशियातील उपाशी विणकरांनी १८४४ साली केलेल्या उठावावर ते बेतलेले होते. शेजारच्या सोलापुरात हातमाग आणि यंत्रमाग यांच्या ओढाताणीत पिढ्या घालविलेल्या घरांना त्या कथेत अनोळखी असे काही वाटणार नाही. केथे यांनी हाती असलेले काम बाजूला ठेवले आणि सुमारे चार वर्षे खपून विणकरांच्या उठावावर सहा चित्रांची मालिका सिद्ध केली. त्यांपैकी तीन शिळाछाप होती आणि तीन पत्र्यावर कोरलेली. १८९८ च्या बर्लिनच्या प्रदर्शनात परीक्षकांनी तिच्यासाठी सुवर्णपदकाची शिफारस केली. सम्राट दुसरा विल्हेल्म याने ती फेटाळली. उपाशी विणकरांचा उठाव हा विषय आणि चित्रकार एक बाई, दोन्ही गोष्टी दरबाराला रुचणाऱ्या नव्हत्या. पदक हुकले, पण नाव झाले. १९०६ मध्ये घरी बसून काम करणाऱ्या कामगार स्त्रियांविषयीच्या प्रदर्शनासाठी त्यांनी भित्तिचित्र केले. त्यातला थकलेल्या बाईचा चेहरा सम्राज्ञीला इतका खुपला, की ते काढल्याशिवाय आपण प्रदर्शनाला येणार नाही, असे तिने कळविले.

सोळाव्या शतकातील जर्मन शेतकऱ्यांच्या बंडावरील त्यांची दुसरी मोठी मालिका १९०८ मध्ये पूर्ण झाली. तिच्या जोडीने चाललेल्या कामातले एक चित्र पुढे घडलेल्या गोष्टींमुळे अंगावर येते. १९०३ सालचे हे चित्र. एक आई मेलेल्या मुलाला कवटाळून बसली आहे, एखाद्या जनावराने पिलाला पोटाशी धरावे तशी. त्यासाठी केथे आरशासमोर बसल्या होत्या आणि मांडीवर त्यांनी आपला सात वर्षांचा धाकटा मुलगा पेटर याला घेतले होते.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा पेटर अठरा वर्षांचा होता. सैन्यात स्वयंसेवक म्हणून जायचे तर वडिलांची संमती हवी होती. डॉ. कार्ल यांनी ती साफ नाकारली. मुलाने आईकडे पाहिले आणि आईने त्याची बाजू घेतली. तिने नवऱ्याची मनधरणी केली. अखेर त्यांनी होकार दिला. पेटर ऑक्टोबरच्या मध्याला आघाडीकडे निघाला आणि २२ ऑक्टोबरच्या रात्री बेल्जियममधील डिक्समाउडे गावाजवळ मारला गेला. घरातून निघून त्याला दोन आठवडेही झाले नव्हते.

केथे कोलविट्झ यांच्या पुढच्या आयुष्याकडे या एका होकाराला वगळून पाहताच येत नाही. युद्धविरोधी चित्रकर्ती म्हणून जगाला ठाऊक असलेल्या या बाईने स्वतःच्या मुलाला युद्धावर धाडण्यासाठी शब्द टाकला होता. त्यांच्या चरित्रावरील बरेचसे लेखन ही गोष्ट हळूच ओलांडून पुढे जाते. खुद्द केथे यांनी मात्र ती कधी ओलांडली नाही. रोजनिशीत त्या वर्षानुवर्षे तिच्याकडे परत येत राहिल्या. मुलाचा विश्वास खोटा होता असे म्हणावे, तर त्याचे मरण व्यर्थ ठरते; तो खरा होता असे म्हणावे, तर आणखी मुलांना मरायला पाठवावे लागते. या कोंडीतून सुटायला त्यांना चार वर्षे लागली. १९१८ च्या ऑक्टोबरात एका नामवंत कवीने उरल्यासुरल्या पुरुषांना आघाडीवर येण्याची हाक दिली, तेव्हा त्यांनी वृत्तपत्रातून त्याला जाहीर उत्तर दिले. आता पुरे इतके मेले, आणखी कोणी मरता कामा नये, असा त्याचा आशय होता. आपल्या म्हणण्याला आधार म्हणून त्यांनी गटेच्या लेखनातील एका विचाराचा हवाला दिला : पेरणीसाठी राखलेले बियाणे दळायला काढू नये.

धाराशिवच्या वाचकाला हा विचार समजावून सांगण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेली माणसे अजून या जिल्ह्यात आहेत. खडी फोडायला गेलेल्या बायका आणि मोकळी पडलेली बळदे त्यांनी पाहिलेली आहेत. पुढच्या पेरणीचे जोंधळे आज दळायला काढावेत की नाहीत, हा प्रश्न अवर्षणाच्या या पट्ट्यात कोणाला पुस्तकातून कळलेला नाही.

पेटरच्या स्मारकाची कल्पना त्यांनी १९१४ च्या डिसेंबरातच मनाशी धरली होती. आधीच्या आराखड्यात मुलगा आडवा पडलेला आणि आईबाप त्याच्या उशापायथ्याशी होते. तो मनासारखा होईना, म्हणून त्यांनी काम मोडले आणि काही वर्षांनी नव्याने हाती घेतले. नव्या रचनेत मुलगा नाहीच. गुडघ्यांवर बसलेले फक्त दोघे आईवडील आहेत : बाप ताठ, हात छातीशी आवळून धरलेला; आई पुढे झुकलेली. चेहरे कार्ल आणि केथे यांचेच. १९३२ च्या उन्हाळ्यात या दोन दगडी मूर्ती बेल्जियममधील सैनिकी दफनभूमीत बसविण्यात आल्या, तेव्हा मुलाला जाऊन अठरा वर्षे होत आली होती. म्हणजे जितके तो जगला जवळपास तितकीच. पुढे १९५६ मध्ये तिथली थडगी व्लाडस्लो येथे हलविण्यात आली आणि मूर्तीही त्यांच्यासोबत गेल्या. पेटरचे नाव कोरलेली फरशी आज त्यांच्या समोरच आहे.

दरम्यान बाहेरच्या जगात त्यांना मान मिळत होता. १९१९ मध्ये प्रशियाच्या कला अकादमीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या आणि प्राध्यापक ही पदवी त्यांना मिळाली. त्याच वर्षी क्रांतिकारक नेते कार्ल लीबक्नेख्त यांची हत्या झाली. कुटुंबाच्या विनंतीवरून केथे यांनी शवागारात जाऊन त्यांचे अखेरचे चित्रण केले. त्या स्वतः कुठल्याच पक्षाच्या सदस्य झाल्या नाहीत, हे येथे नोंदवायला हवे. डाव्यांनी त्यांना आपले म्हटले, पण त्यांनी अंतर राखले.

१९२४ हे शिळाछापाच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातले भरघोस वर्ष म्हणता येईल. युद्धाने आणि चलनफुगवट्याने जर्मनी पिचला होता. मदत निधीसाठी त्यांनी केलेल्या एका चित्रात रिकाम्या वाट्या वर धरलेली मुले आहेत. दुसऱ्या चित्राचे नाव नुसते भाकरी असे आहे. त्यात दोन मुले आईच्या कपड्यांना ओढताहेत आणि आई पाठमोरी उभी आहे. तिचा चेहरा दिसत नाही, कारण मुलांना द्यायला तिच्याकडे काही नाही आणि म्हणून ती त्यांच्याकडे पाहू शकत नाही. त्याच वर्षीचे, हात उंचावून पुन्हा युद्ध नको म्हणणाऱ्या तरुणाचे भित्तिचित्र तर पुढे जगभरच्या शांतता मोर्चांत झळकले. यातले एकही चित्र श्रीमंताच्या दिवाणखान्यासाठी नव्हते.

१९३३ च्या फेब्रुवारीत हिटलरविरोधी पक्षांनी एकत्र यावे, अशा आवाहनावर त्यांनी सही केली. परिणामी त्यांना अकादमी सोडावी लागली. १९३६ मध्ये एका रशियन वृत्तपत्रात आलेल्या मुलाखतीवरून गेस्टापोचे अधिकारी घरी आले आणि छळछावणीची धमकी देऊन गेले. तशी वेळ आलीच तर दोघांनी मिळून जीवन संपवायचे, असे या वृद्ध पतिपत्नीने ठरवून ठेवले होते. परदेशातील कीर्तीमुळेच बहुधा त्यांना हात लावला गेला नाही. देश सोडून जाण्याची संधी असूनही त्यांनी ती घेतली नाही. आपल्यामागे घरच्यांना त्रास होईल, ही भीती होती.

प्रदर्शनाची दारे बंद झाली तरी खडू चालूच होता. १९३४ ते १९३७ या काळात त्यांनी मृत्यू या विषयावर आठ शिळाछाप चित्रे केली. मालिकेतल्या अखेरच्या चित्रात एका वृद्धेच्या खांद्यावर चौकटीबाहेरून आलेला एक हात टेकला आहे. हाताचा मालक दिसत नाही. चेहरा चित्रकर्तीचा स्वतःचा आहे, आणि त्यावर भीती नाही. कोणी ओळखीच्या माणसाने हाक मारावी, तशी ती नुसती थांबली आहे. आधीच्या चित्रांत हाच मृत्यू मुलांच्या घोळक्यावर झडप घालतो, आईच्या हातून मूल हिसकावतो. स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांनी त्याला वेगळे वागविले. प्रस्तुत लेखकाच्या मते सुरुवातीला वर्णिलेल्या चित्राआधी हे पाहावे. मग त्या वाकलेल्या खांद्यांचा अर्थ लागतो.

त्यांच्या चित्रांचा प्रवास आशियातही झाला. चीनमध्ये लेखक लू शुन यांनी १९३६ साली त्यांच्या मुद्राचित्रांचा संग्रह काढला आणि तिथल्या तरुण चित्रकारांची एक पिढी त्यावर पोसली. आपल्याकडे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रे काढणारे चित्तप्रसाद आणि सोमनाथ होर यांच्या कामात कोलविट्झ यांची छाया अभ्यासकांनी दाखविली आहे. चित्तप्रसाद यांची दुष्काळावरील पुस्तिका मुंबईत छापली गेली आणि इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त केल्या. पुढे त्यांनी आयुष्याचा मोठा काळ मुंबईतच, अंधेरीत काढला. इंदूरच्या मराठी वातावरणात वाढून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या देवयानी कृष्ण यांनी मुद्राचित्रणात भारतीय स्त्रीचे नाव केले. त्यांची वाट वेगळी होती, पण त्यांच्याविषयी मराठीत अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही.

१९४० मध्ये डॉ. कार्ल गेले. १९४१ च्या अखेरीस सरकार पुन्हा कोवळी मुले सैन्यात ओढू लागले, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या केथे यांनी अखेरचा शिळाछाप करायला घेतला. नाव दिले तेच जुने, बियाणे दळू नये असे सांगणारे. एक म्हातारी आपल्या लांब बाह्यांखाली तीन मुलांना दडपून बसली आहे. मुले बाहेर डोकावताहेत, त्यांना निघायचे आहे. म्हातारी त्यांना जाऊ देत नाही. १९१४ साली जे झाले, त्याच्या नेमके उलट. चित्र १९४२ च्या आरंभी पूर्ण झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात थोरला मुलगा हान्स याचा मुलगा रशियाच्या आघाडीवर मारला गेला. काकाच्या आठवणीसाठी त्याचेही नाव पेटर ठेवले होते.

१९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यांमुळे त्यांना बर्लिन सोडावे लागले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जुने घर जळाले आणि त्यासोबत अनेक चित्रे गेली. ड्रेस्डेनजवळच्या मॉरित्झबुर्ग येथे २२ एप्रिल १९४५ रोजी, युरोपातील युद्ध संपायला सोळा दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले. बर्लिनमधील फ्रिड्रिक्सफेल्डे येथील कौटुंबिक थडग्यात त्यांची रक्षा ठेवण्यात आली. त्या थडग्यावरचे कांस्यशिल्प त्यांनी स्वतःच दहा वर्षे आधी घडविले होते : एका मोठ्या वस्त्रात गुंडाळलेला, डोळे मिटलेला चेहरा आणि त्याला सभोवार धरून ठेवणारे दोन हात.